शेवंता की रमा?

आज आठवण सांगायला आलोय, पण त्यात थोडे भांडणही आहे.

आमच्या घरी गेल्या महिन्यात नात जन्मली. मुलाने आणि सुनेने आधीच ठरवले होते की नाव जुने ठेवायचे, घरातले, माझ्या आईचे. ऐकून बरे वाटले. मग लक्षात आले की आईची नावे दोन होती. माहेरी ती शेवंता. लग्न होऊन शिवोलीहून होडीने नदी ओलांडून आमच्या चोपड्यात आली (तेव्हा कुठला पूल!), आणि ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून तिची रमा केली गेली. आता अख्खे घर रमाच्या बाजूने आणि मी एकटा शेवंताच्या.

रमाच्या बाजूचे मुद्दे मला तोंडपाठ झालेत. दोन अक्षरी, गोड, परदेशात गेली तरी कोणाची जीभ अडखळणार नाही. आणि शेवंताविरुद्ध मुद्दा एकच. मुलगा म्हणाला, "शेवंता नाका हां बाबा, शाळेत पोरां हासतली."

का हासतली? तर २०१९ साली 'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग आला आणि अण्णा नाईकांची शेवंता घरोघरी पोचली. मालिका मीही बघितली, अपूर्वा नेमळेकरने काम झकास केले. पण ही पोर शाळेत जाईल तोवर तिच्या वर्गातल्या किती पोरांना अण्णा नाईक माहीत असणार? खरे कारण मालिकेच्या आधीचे आहे. शेवंता म्हटले की लोकांना भांडी घासणारी, शेतात लावणीला जाणारी बाई दिसते. हल्ली जुन्या नावांची हौस आहे म्हणतात. रमा, जानकी, मुक्ता, तारा परत आल्या. शेवंता, सुंदरा, गुणवंती, भागीरथी का नाही आल्या? जुने पाहिजे, पण वाड्यातले पाहिजे, परड्यातले नको, असा हा सगळा कारभार. मोरजाई, सातेरी यांच्यापुढे आपण नारळ ठेवतो, कौल लावतो. मुलीला सातेरी नाव ठेवाल? तोंडे बघण्यासारखी होतील.

हे बाजूला ठेवले तरी मुख्य भांडण उरतेच. "आजीचे नाव ठेवतोय" म्हणायचे आणि जे तिच्या आईबापांनी ठेवलेच नव्हते ते उचलायचे, हे कसले आजीचे नाव?

यात माझी आई एकटी नव्हे. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी, त्याही यमुना, लग्न नवव्या वर्षी. टिळकांच्या सत्यभामाबाई मूळच्या तापी. झाशीची राणी मनकर्णिका. आणि आपल्या गोव्यातल्या बांदोड्याच्या ज्योत्स्ना भोळे, त्या मूळच्या दुर्गा केळेकर. रमाबाईंवर 'उंच माझा झोका' निघाली, आनंदीबाईंवर चित्रपट आला, तोही २०१९ सालीच. पण लक्षात राहिली ती सासरची नावे. दोन्ही यमुना गेल्या कुठे?

बँकेत मी जन्म काढला. काउंटरवर बाई यायची, नाव विचारले की आधी नवऱ्याकडे किंवा मुलाकडे बघायची. तिला नाव ठाऊक नव्हते असे नाही, कुठले सांगायचे ते ठाऊक नव्हते. पासबुकावर एक, जन्मनोंदणीत दुसरे. मग स्टॅम्पपेपर आण, 'अमुक ऊर्फ तमुक ही एकच व्यक्ती' असे प्रतिज्ञापत्र कर. मुलीच्या जातीला हा खर्च जन्माचा. पुरुषाला कधी असे करावे लागलेले मला आठवत नाही.

आमच्या घरी तेच झाले. १९८०च्या सुमारास मामांनी शिवोलीच्या भाटाची वाटणी काढली. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने वडिलांच्या मालमत्तेत मुलीला मुलाएवढाच हिस्सा, त्यामुळे आईची सही पाहिजे. आईला सही येत होती, वडिलांनीच शिकवलेली, पण 'रमा' अशी. आणि नोंदणीत रमा नावाचे कोणी नव्हतेच, तिथे होती शेवंता. मग पन्नाशीतली माझी आई दोन संध्याकाळी कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेवर 'शेवंता' गिरवत बसली. 'शे'ची मात्रा तिला जमेना. हिस्सा तिने भावालाच सोडला, तो विषय वेगळा. पण सोडायलासुद्धा शेवंताच लागली. रमाच्या नावावर सोडण्याजोगे काही नव्हते.

सून म्हणते, "पण बाबा, साठ वर्षे त्या रमा म्हणूनच जगल्या ना?" मुद्दा बरोबर आहे, म्हणून उत्तर देतो. रमा अशी हाक तिला मारत होते कोण? वडिलांनी कधी नावाने हाक मारली नाही, 'आयकलें मगो' एवढेच. शेजाऱ्यांना ती अमक्याची आवय. आम्हाला आई, नातवंडांना आजी. आजे गेल्यावर रमा उरली ती रेशनकार्डावर आणि मतदारयादीत. शेवंता मात्र जिवंत होती. दर भाऊबीजेला मामा खळ्यात पाय ठेवता ठेवता "शेवंताऽऽ" म्हणून ओरडायचे आणि आई हातातले टाकून धावायची. एरवी कोणी बोलावले तर "येतां" म्हणून हातातले पुरे करूनच उठायची.

दोन्ही ठेवा, कागदावर रमा आणि घरात शेवंता, अशीही एक तोड सुचवली गेली. मी साफ नाही म्हटले. म्हणजे या पोरीनेही 'ऊर्फ' लावून जगायचे? गोव्यात नाव बदलायला १९९०चा वेगळा कायदा आहे, ती धावपळ मी लोकांना करताना बघितली आहे.

बारसे अजून व्हायचे आहे. जन्मनोंदणीत नाव घालायला वर्षभर फी लागत नाही, तेव्हा माझ्याकडे अजून अकरा महिने आहेत आणि मी गप्प बसणार नाही.

तोवर एक काम करा. पेडण्यातले, बार्देसातले, जे कोणी हे वाचत असाल त्यांनी आपल्या आजीचे माहेरचे नाव खाली लिहा. सासरचे नको. माहीत नसेल तर आधी घरात कोणाला तरी विचारा, आणि मग लिहा.