टिटवीची अंडी घरी आणू नका, वावरात चार फूट जागा सोडा

पोस्ट जरा लांब आहे, पण उन्हाळी नांगरटीचे दिवस आहेत म्हणून लिहितोय.

चार दिवसांमागं शेजारचं लेकरू टोपीत तीन अंडी घेऊन आलं. "काका, टिटवीची हायेत. आई सोडून गेली. बल्बखाली ठेवली तर पिल्लं निघतील का?" कुणाच्या तरी रोटावेटरपुढून उचलून आणली होती. पोराची माया खरी होती, त्याला रागावण्यासारखं काही नव्हतं. मी एवढंच म्हणलं, "चल, जिथून आणली तिथं आधी ठेवू."

मला हे सुचलं कारण लहानपणी मी हाच उद्योग केलाय. घरच्या खुडूक कोंबडीखाली टिटवीची चार अंडी सारली होती. कोंबडीची पिल्लं २१ दिवसांत निघतात, टिटवीला अठ्ठावीस-तीस दिवस लागतात. एकविसाव्या दिवशी कोंबडी आपली पिल्लं घेऊन उठली ती उठलीच. मग मी अंडी कापसात गुंडाळून बल्बखाली ठेवली. एकातून पिल्लू निघालं. कण्या टाकल्या, खाईना. ते किडे-मुंग्या खाणारं पाखरू, हे मला कुठं माहीत! तिसऱ्या दिवशी मेलं. बाकीची तीन फुटलीच नाहीत.

आता मुद्द्याचं. "आई सोडून गेली" हे आपलं बहुतेक वेळा चुकतं. टिटवी सगळी अंडी एकाच दिवशी घालत नाही. तीन-चार पुरी झाल्यावर ती नेटानं बसते, तोवर घरटं मोकळंही दिसतं. माणूस जवळ आला की ती उठून ओरडत दूर जाते, कधी पंख मोडल्याचं सोंग करते. दुपारच्या उन्हात अंडी उबवण्यापेक्षा थंड ठेवणं अवघड असतं, म्हणून ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते. आपण नेमके तेव्हाच पोहोचतो आणि अंडी बेवारस ठरवतो. माणसाचा हात लागला की पाखरू अंडी टाकतं, हाही बराचसा गैरसमज आहे. खरा त्रास होतो तो आपण तिथंच घोटाळत राहिल्यामुळं.

घरी उबवायचं म्हणजे साडेसदतीस अंशांच्या आसपास सारखी ऊब, हवेत योग्य ओल, दिवसातून अनेकदा अंडं फिरवणं. आपल्याकडची लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही! आणि निघालंच पिल्लू तर पुढं काय? टिटवीचं पिल्लू त्याच दिवशी चालायला लागतं आणि आईच्या एका हाकेवर जमिनीला चिकटून बसतं. ही शिकवण आपण देणार कशी? कोनराड लोरेन्झ यांनी कलहंसाच्या पिल्लांवर दाखवून दिलं की ती पहिल्यांदा जे हलताना बघतात त्यालाच आई मानतात. माणसामागं फिरणारं पाखरू रानात किती दिवस टिकेल?

कुणी म्हणेल, राजस्थानात माळढोकाची अंडी यंत्रात उबवतातच की. खरंय. जैसलमेर भागात २०१९ पासून भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ ते काम करतात. पण माळढोक देशात दीडशेच्या आसपासच उरले, म्हणून ही शेवटची धडपड. आपल्या सोलापुरात नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आज तिथं तो दिसणं मुश्कील. माळ गेला, म्हणून यंत्र आलं. टिटवीवर ती वेळ कशाला आणायची?

कायद्याचंही ऐका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाखरांची अंडी किंवा घरटी छेडणं हे शिकारीतच मोजलं जातं. मोर तर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे लांडोरीची अंडी घरी आणणं हे तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचं प्रकरण होऊ शकतं. पण माझं वन विभागाला सांगणं आहे, की ही माहिती गुन्हा दाखल होताना नको, नांगरटीच्या आधी यायला हवी. ग्रामपंचायतीनं एप्रिलमध्ये ट्रॅक्टरवाल्यांना बोलावून अर्धा तास सांगावं. भीतीपोटी शेतकरी गप्प बसतो आणि अंडी औताखाली जातात.

आपण काय करायचं? अंडी दिसली तर चार बाय चार फूट जागा सोडून औत वळवायचं. महिनाभराचा प्रश्न आहे. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात, त्यातले १६ गेले तर काय बिघडतं? लेकरांना, कुत्र्यांना तिकडं फिरकू द्यायचं नाही. लांडोरीची अंडी असतील किंवा पाखरू जखमी असेल, तर वन विभागाच्या १९२६ नंबरला फोन लावायचा.

त्या दिवशी आम्ही अंडी होती तिथं ठेवली आणि लांब धुऱ्यावर जाऊन बसलो. अर्ध्या तासानं टिटवी आली, इकडंतिकडं बघितलं आणि बसली. पोरगं काही बोललं नाही, नुसतं हसलं. ट्रॅक्टरवाल्यानंही तेवढी जागा सोडली.

टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, असं आपली म्हातारी माणसं सांगतात. दरसाल तिच्याकडून पावसाचा अंदाज घेतो, तर तिला चार फूट जागा देणं लागतोच ना आपण!

पटलं तर एखाद्या ट्रॅक्टरवाल्या मित्राला पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.