ऐकावें जनाचें, आणि करावेंहि जनाचेंच

‘ऐकावें जनाचें, करावें मनाचें’ ही म्हण आमच्या विद्यार्थ्यांस फार आवडते; त्यांतहि तिचा उत्तरार्ध विशेष आवडतो. वर्गांत, घरांत आणि खेळाच्या मैदानावर तिचा आधार घेणारे कमी नाहींत. जमिनीवर ती कांहीं अंशीं खरीहि असेल. परंतु चोहोंकडून समुद्रानें वेढलेल्या बेटावर सुटी घालविण्याचा बेत करावयाचा असेल, तर ही म्हण घरींच ठेवून जावें, असें अनुभवानें आमचें मत झालें आहे. तें विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु.

हल्लीं नाताळच्या सुटींत पुष्कळ मराठी कुटुंबें अंदमानास जातात. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत बांधलेल्या सेल्युलर जेलच्या कोठड्या मुलांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहाव्या, ही आईबापांची इच्छा योग्यच आहे. शिवाय पांढरी वाळू, निळें पाणी व प्रवाळ यांचीं चित्रें मन ओढून घेतात. मग एखाद्या रविवारीं जेवणानंतर नकाशा पसरून बेत आंखला जातो. त्यांत प्रत्येक तास भरलेला असतो. पण ज्यांच्या दारीं आपण जाणार, त्यांचें मत मात्र त्यांत कोठेंच नसतें.

आमचाहि बेत असाच होता. सुदैवानें तो एका स्नेह्यामार्फत श्रीविजयपुरम् (पोर्ट ब्लेअरचें हें नांव २०२४ सालापासूनचें) येथील एका निवृत्त शिक्षकांच्या हातीं गेला. हे गृहस्थ तेथले ‘लोकल बॉर्न’. १८५८ सालीं इंग्रजांनीं अंदमानांत बंदिवानांची वसाहत स्थापिली. शिक्षा भोगून जे तेथेंच राहिले, त्यांच्या वंशजांस तेथें या नांवानें ओळखतात. आमच्या वेळापत्रकावर त्यांनीं तांबड्या शाईनें चार दुरुस्त्या करून तें परत पाठविलें.

पहिली दुरुस्ती सूर्याविषयीं होती. आम्हीं सायंकाळीं साडेसहास किनाऱ्यावर फिरावयास जाण्याचें ठरविलें होतें. त्यांनीं लिहिलें, “डिसेंबरांत येथें पांचच्या सुमारास सूर्य मावळतो. तुम्ही अंधारांत काय पाहणार?” भूगोल शिकविणाऱ्या आम्हांस हें आधीं सुचूं नये, याची लाज वाटली. आपली प्रमाणवेळ ८२॥ अंश रेखांशाची. अंदमान सुमारें ९३ अंशांवर आणि मुंबई सुमारें ७३ अंशांवर. प्रत्येक अंशास चार मिनिटें धरलीं, तर घड्याळ एकच असूनहि मुंबईपेक्षां तेथें सूर्य सुमारें ऐंशीं मिनिटें पुढें असतो. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें.

दुसरी दुरुस्ती भरती-ओहोटीची. शहीद द्वीप येथें लाटांनीं कोरलेली खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. तिच्यापर्यंत ओहोटीलाच चालत जातां येतें. उलट ओहोटीच्या वेळीं तेथें पोहावयास उतरल्यास प्रवाळानें पाय कापतात. भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. म्हणून आज मिळालेली माहिती चार दिवसांनीं उपयोगी पडत नाहीं. रोज सकाळीं कोळ्यास विचारावें, असा त्यांचा सल्ला.

तिसरी दुरुस्ती शेवटच्या दिवसाची. स्वराज द्वीपाहून सकाळच्या बोटीनें श्रीविजयपुरम् येथें यावयाचें आणि त्याच दुपारीं विमान गांठावयाचें, असें आम्हीं लिहिलें होतें. त्याखालीं दोन रेघा ओढून त्यांनीं लिहिलें, “असें करूं नका. एक दिवस रिकामा ठेवा.”

चौथी दुरुस्ती अशी: जेथें मगरीच्या धोक्याची पाटी असेल, तेथें पाणी कितीहि नितळ दिसलें तरी गुडघाभरहि उतरूं नये. तेथली मगर खाऱ्या पाण्यांत राहणारी आहे. २०१० सालीं स्वराज द्वीपावर, ज्यास तेव्हां हॅवलॉक म्हणत, एका परदेशी तरुणीचा तिनें बळी घेतला.

आतां आम्हीं काय केलें तें सांगतों. पहिल्या दोन दुरुस्त्या आनंदानें मान्य केल्या, कारण त्यांस पैसा लागत नव्हता. चौथी मुलांच्या आईनें मान्य करविली. तिसरी मात्र आम्हीं हंसण्यावारी नेली. एक दिवस अधिक राहणें म्हणजे एक दिवसाचा खर्च अधिक. शिवाय म्हाताऱ्या माणसांस भीति फार, असें आम्ही मनांत म्हणालों. ऐकलें जनाचें, केलें मनाचें.

परतीच्या आदल्या रात्रीं वारा सुटला. सकाळीं धक्क्यावर गेलों, तों सर्व बोटी बंद. दोन दिवस समुद्र शांत झाला नाहीं. विमान गेलें, भाडें गेलें. पण खरी चिंता निराळीच होती. बरोबर आमच्या वृद्ध मातोश्री होत्या, आणि त्यांचीं रक्तदाबाचीं औषधें आम्हीं प्रवासाचे दिवस मोजून घेतलीं होतीं. तीं संपलीं. आम्ही जेथें उतरलों होतों, त्या घरची बाई पूर्व बंगालांतून फाळणीनंतर येऊन वसलेल्या कुटुंबांतील. तिनें भर पावसांत आपल्या मुलास सायकलवर आरोग्यकेंद्राकडे धाडिलें, आणि औषध आल्यावर एवढेंच म्हणाली, “मास्टरजी, समुद्र कोणाचें तिकीट पाहत नाहीं.” त्या रात्रीं मातोश्रींच्या उशाशीं बसून आम्हीं ती तांबड्या शाईची दुहेरी रेघ पुन्हा काढून पाहिली.

हें संकट आमच्यावरच आलें असें नाहीं. डिसेंबर २०१६ मध्यें अशाच वादळी हवेमुळें शेंकडों प्रवासी त्या बेटांवर अडकून पडले होते, आणि नौदलास जहाजें पाठवून त्यांस आणावें लागलें. त्यांतील कित्येकांस ‘एक दिवस रिकामा ठेवा’ असें कोणी ना कोणी सांगितलें असेलच.

येथें एक आक्षेप येईल. स्थानिक माणूसहि स्वार्थी असूं शकतो. दलाली मिळते म्हणून तो अमुकच दुकान, अमुकच होडी सुचवील. हा आक्षेप खोटा नाहीं. यावर आमचें उत्तर असें कीं, ज्यास आपणांस कांहीं विकावयाचें नाहीं त्यास आधीं विचारावें: शिक्षक, परिचारिका, टपाल वांटणारा, जाळें विणीत बसलेला कोळी. एकास विचारून थांबूं नये. आणि ‘काय पाहावें’ यापेक्षां ‘काय करूं नये’ हा प्रश्न अगोदर करावा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकांत मिळतें; दुसऱ्याचें बहुधा मिळत नाहीं.

स्थानिकांचा सर्वांत अवघड सल्ला म्हणजे ‘येऊं नका’ हा. अंदमानांतील मूळ रहिवासी अद्यापि आहेत. जारवांच्या राखीव अरण्यांतून जाणाऱ्या रस्त्यावर गाडी थांबविणें व त्यांचीं छायाचित्रें काढणें यांस कायद्यानें मनाई आहे. तरीहि खिडकींतून खाऊ फेंकून गंमत पाहणारे सुशिक्षित प्रवासी निघालेच. उत्तर सेंटिनेल बेटावरील लोक तर परक्यास बाण मारूनच उत्तर देतात. २०१८ सालीं एक अमेरिकन तरुण मनाई मोडून, कोळ्यांस पैसे देऊन, धर्मप्रसाराच्या इच्छेनें तेथें गेला व प्राणास मुकला. तो आमच्याच धर्माचा होता, म्हणूनच आम्हांस स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. १८७७ सालीं बाहेरून आलेल्या गोंवराच्या सांथीनें थोर अंदमानी लोकांची भयंकर हानि झाली. एके काळीं हजारोंनीं असलेले ते लोक आज सारे मिळून अर्ध्या शतकाच्या आसपास उरले आहेत. आपला श्वासहि ज्यांस घातक ठरूं शकतो, त्यांनीं दार लावून घेतलें, तर बाहेरूनच माघारीं फिरणें हेंच शेजाऱ्यावरील प्रेम होय.

या लोकांस अडाणी समजण्याची चूक कोणी करूं नये. २६ डिसेंबर २००४ रोजीं समुद्र कवळला, तेव्हां लिटिल अंदमानवरील ओंगे लोक वेळींच उंच जागीं गेले व वांचले. शाळा नव्हती, यंत्रें नव्हतीं. पाणी मागें हटलें म्हणजे काय करावें, हें वाडवडिलांकडून आलेलें ज्ञान होतें.

तें ज्ञान पाहण्यास अंदमानासच गेलें पाहिजे असेंहि नाहीं. आपल्या कोंकणचा कोळी नारळी पौर्णिमा होईपर्यंत होडी लोटीत नाहीं. तरी दर पावसाळ्यांत शहरांतून गेलेले तरुण, ‘आंत जाऊं नका’ असें सांगणाऱ्या त्या कोळ्यास हंसून पाण्यांत शिरतात, आणि सायंकाळीं त्यांस शोधण्यास तोच कोळी होडी काढतो.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी. येत्या सुटीचा बेत करतांना नकाशाबरोबर एक कोरा कागदहि घ्यावा, आणि तेथल्या माणसास विचारावयाचे प्रश्न मुलांकडून त्यावर लिहून घ्यावे. उत्तर आलें कीं, जें आपणांस रुचत नाहीं तें प्रथम पाळावें. रुचतें तें तर आपण पाळणारच. औषधें चार दिवस अधिक न्यावीं. आणि विद्यार्थ्यांनो, तांबड्या शाईच्या दुरुस्त्या वहींतच असतात असें समजूं नका. आम्हीं एक दुरुस्ती न पाहिल्यासारखी केली, तिची किंमत आमच्या मातोश्रींस मोजावी लागली असती. ती त्या बंगाली बाईच्या मुलामुळें टळली. त्याचें श्रेय आमच्या शहाणपणास मुळींच नाहीं.