हप्ता पगाराचा नव्हे, आपला

मगरिबनंतरची वेळ होती. मोमिनपुऱ्यात धाकट्या बहिणीकडे आम्ही चहाला बसलो होतो. इतक्यात दारात उमरेडचा एक तरुण येऊन उभा राहिला. बुटीबोरीच्या कारखान्यात तो आमच्या भाच्याबरोबर कामाला होता. भाचा दोन महिन्यांपूर्वीच ती नोकरी सोडून पुण्याला गेलेला. चहा झाला, खुशाली विचारून झाली, पण पाहुणा काही मोकळा होईना. शेवटी त्याने खिशातून पगाराची चिठ्ठी काढून समोर ठेवली. त्यात ३,२५० रुपयांची कपात होती.

“काका, हा दुसरा महिना. मुलीची फी थांबली आहे. तुमचा भाचा माणूस चांगला, म्हणूनच सही केली होती.”

बहिणीचा चेहरा उतरला. लेकीच्या लग्नात मुलाने कामगारांच्या पतसंस्थेतून कर्ज काढले, हे तिला ठाऊक होते. दोन सोबती जामीन आहेत, हे मात्र ठाऊक नव्हते. हप्ता ६,५०० रुपयांचा होता. तो पगारातून परस्पर कापला जाई. आता तो दोघा जामीनदारांच्या पगारातून निम्मा-निम्मा जात होता.

रात्री भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामू, पगारच तिथला नाही, मग कपात कुठली? मला वाटलं, शेवटच्या हिशेबात वळते करून घेतले असतील.” बुडवायची नियत नव्हती. पण नियत चांगली असूनही दुसऱ्याच्या लेकीची फी थांबली होती. व्याजाचे कर्ज घ्यावेच का, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. घेतलेले फेडायचे कसे, एवढेच आज पाहू.

पगारातून कपात होते ती आपण लिहून दिल्यामुळे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासद तसा करार करून देतो आणि मालक पैसे कापून संस्थेकडे भरतो. नोकरी सुटली की कापायला पगार उरत नाही. कर्ज मात्र उरते. शेवटच्या पगारातूनही सगळे वसूल होत नाही, कारण कपातीला कायद्याने मर्यादा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ती वेतनाच्या निम्म्यापर्यंत आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटी या रकमांना तर कायद्याने जप्तीपासून संरक्षण दिले आहे. मग संस्था जामीनदाराकडे वळते. करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

आमच्या भाच्याचा हिशेब पाहा. नोकरी सोडताना कर्ज १,४५,००० रुपये बाकी होते. संस्थेत त्याचे भाग आणि वर्गणी मिळून ३८,००० जमा होते. ते वळते केले असते तर १,०७,००० उरले असते. सात वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी किती मिळाली? मूळ पगार २६,०००. त्याला २६ ने भागून १५ ने गुणले की वर्षाचे १५,०००. सात वर्षांचे १,०५,०००. म्हणजे कर्ज जवळजवळ फिटण्याइतके पैसे त्याच्या हातात आले होते. त्यातले ७०,००० पुण्याच्या घराच्या डिपॉझिटमध्ये गेले.

कायदा हे पैसे वसुलीपासून वाचवतो, ते म्हातारपणी आणि अडचणीत कामगार उघडा पडू नये म्हणून. हात असताना देणे टाळता यावे म्हणून नव्हे. ज्याने आपल्यावर भरवसा ठेवून सही केली, त्याचा पगार ही आपल्याकडची अमानतच आहे. कुरआनातील सर्वांत लांब आयत कर्ज लिहून ठेवण्याविषयी आहे. वारसा वाटण्याआधी मयताचे कर्ज फेडावे, असा हुकूम आहे. मेल्यावर जे आधी फेडायचे, ते नोकरी बदलताना मागे टाकायचे कसे?

म्हणून राजीनामा देण्याआधी, नोटिशीचा काळ हातात असतानाच, पतसंस्थेत जाऊन कर्जखात्याचा उतारा घ्यावा. भाग आणि वर्गणी वळती करण्याचा अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. उरलेली रक्कम कशी, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून भरणार, ते लेखी ठरवावे. नवी कंपनी आपोआप कापून भरेल, असे धरून चालू नये. जामीनदारांना हे सगळे स्वतः सांगावे. घरातही सांगावे, म्हणजे नव्या पगाराचा आकडा पाहून घरचे भुलणार नाहीत. शेवटचा हप्ता फिटला की ‘येणे बाकी नाही’ असा दाखला मागून घ्यावा आणि निकाहनाम्याच्या, घराच्या कागदांबरोबर ठेवावा.

पुढच्या रविवारी भाचा नागपूरला आला. आईला घेऊन आधी उमरेडला गेला, मग दुसऱ्या सोबत्याकडे. दोघांच्या हातात ६,५००-६,५०० रुपये ठेवले, माफी मागितली. उरलेले ३५,००० संस्थेत भरले, भाग वळते करायचा अर्ज दिला. आता दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता त्याच्या खात्यातून जातो. भरल्याची पावती तो आईला पाठवतो, आणि दोन्ही जामीनदारांनाही.