वर्षाच्या वाचनाचा जमाखर्च

कार्तिक शुद्ध पंचमी ही व्यापाऱ्याची लाभपंचमी आणि जैन घराची ज्ञानपंचमी. राजूरच्या बाजारपेठेतील एका धान्याच्या दुकानात त्या दिवशी पाटावर दोन वह्या मांडल्या जातात. एक नव्या सालाची खातेवही. दुसरी, वृद्ध मालकांनी वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांची. यंदा तिच्यात जमेला एक पुस्तक होते, नावे दोन प्रकारची पुस्तके होती आणि एका पुस्तकाची बाजू बरेच दिवस ठरत नव्हती.

जमेला होते बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’. १५८६ साली जौनपूरला श्रीमाळ जैन कुळात जन्मलेल्या या व्यापाऱ्याने १६४१ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, ६७५ पद्यांत आत्मकथा लिहिली. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे मानल्याने ती ‘अर्धी’ ठरली. आग्र्याला भांडवल बुडाले, तेव्हा हे गृहस्थ संध्याकाळी लोकांना ‘मधुमालती’ व ‘मृगावती’ वाचून दाखवीत आणि कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवत. नऊ अपत्ये गेल्याचे दुःखही त्यांनी झाकले नाही. अखेरीस स्वतःचे गुण सांगून शेजारी दोषही मांडले. अशी चोख वही मालकांनी दुसरी पाहिली नव्हती.

निराशा केली ती झटपट यशाचे मंत्र देणाऱ्या पुस्तकांनी. त्यांत नफाच नफा. बुडीत खात्याचे पानच नाही. गुळगुळीत कागदावरचे कुलगौरव ग्रंथही त्याच पंगतीतले. त्यांतील प्रत्येक पूर्वज दानशूर, आणि ऋणको मात्र कोठेच दिसत नाही.

बाजू न ठरलेले पुस्तक म्हणजे जोतीराव फुल्यांचे १८८३ चे ‘शेतकऱ्याचा असूड’. चातुर्मासात ते हाती घेतले आणि सावकारीवरचे फटके वाचून मन कडू झाले. “आपले पूर्वज तसे नव्हते,” असे म्हणून घरच्यांनी ते मिटून ठेवले. परंतु १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांचे कर्जरोखे जळाले आणि ती आग नगर जिल्ह्यातही पसरली, हे खोटे कसे म्हणावे? त्यानंतर १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. त्याहून आधी, १८४८ साली ठाण्यास फाशी गेलेले राघोजी भांगरे तर याच अकोले तालुक्यातील देवगावचे. त्यांच्या बंडाचा रोख इंग्रज सरकारइतकाच सावकारांवरही होता.

पर्युषणात माळ्यावरची पणजोबांची वही खाली आली. पानोपानी अंगठे उमटलेले, पुढे आसपासच्या गावांची नावे. त्याच गावांची माणसे आज भात आणि हिरडा घेऊन दुकानाच्या पायरीशी येतात. नातीने विचारले, “दादाजी, ही वही अंगठा देणाऱ्यांनी लिहिली असती, तर अशीच असती का?”

दादाजींनी उत्तर दिले नाही. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ आप्तांना म्हणून झाले. तरी काहीतरी राहून गेल्याची चुटपुट दिवाळीपर्यंत गेली नाही.

ज्ञानपंचमीच्या सकाळी त्यांनी वही उघडली, ‘असूड’ जमेच्या बाजूला लिहिले आणि शेरा दिला : ‘कडू. घरात सर्वांनी वाचावे.’