राष्ट्राध्यक्षांची लाकडी झोपडी



सुट्टीत जेरुसलेमला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांचा कार्यक्रम ठरलेला असतो : कोतेल, हर्झल पर्वत, याद वाशेम आणि सायंकाळची परतीची बस. त्यात आणखी एका स्थळाची भर घालावी, अशी माझी विनंती आहे. रेहाविया वस्तीत ‘याद बेन-झ्वी’ संस्थेच्या आवारात एक लाकडी झोपडी जतन केलेली आहे. इस्रायलचे दुसरे राष्ट्राध्यक्ष यित्झाक बेन-झ्वी यांचे सरकारी स्वागतसमारंभ येथे होत. (जाण्यापूर्वी दूरध्वनीवरून वेळ विचारून घ्यावी.)

झोपडी हा शब्द मी अलंकार म्हणून योजलेला नाही. भिंती खरोखरीच फळ्यांच्या आहेत. माझ्या वर्गातील एका मुलीने सर्व पाहून झाल्यावर विचारले, “मोरा, पण खरे घर कोठे आहे?” तिला दोष कसा द्यावा? रेहोवोतचे वाइझमन यांचे घर तिने आधी पाहिले होते. एरिख मेंडेलसोन या विख्यात वास्तुशिल्पज्ञाची ती देखणी वास्तू १९३०च्या दशकातील. अर्थात ते राज्यस्थापनेपूर्वीचे खाजगी घर होते. त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही.

बेन-झ्वी डिसेंबर १९५२ मध्ये निवडून आले, तेव्हा हजारो नवागत कुटुंबे माबारोतमध्ये, तंबूंत व पत्र्याच्या खोल्यांत दिवस काढीत होती. त्यांत बेने इस्राएलही होते. १९५१ साली आपल्यापैकी काहींनी तेल अवीव येथे धरणे धरून भारतात परत पाठविण्याची मागणी केली होती, ही गोष्ट मुलांपासून दडवू नये. त्या काळात राष्ट्राध्यक्षांनी फळ्यांच्या भिंतींत पाहुण्यांचे स्वागत करावे, यास माझ्या लेखी मोठा अर्थ आहे.

बेन-झ्वी हे अभ्यासक होते. पूर्वेकडील यहुदी समाजांच्या संशोधनासाठी त्यांनी १९४७ मध्ये संस्था स्थापन केली. १९५८ मध्ये अलेप्पोचे प्राचीन बायबल-हस्तलिखित इस्रायलला पोहोचले, ते त्यांच्याच स्वाधीन झाले. रोश होदेशच्या दिवशी निरनिराळ्या देशांतून आलेल्या एकेका समाजाला ते आपल्याकडे बोलावीत. कल्पना करा : कालपर्यंत माबारात पाण्यासाठी रांगेत उभा राहिलेला माणूस आज राष्ट्राध्यक्षांसमोर बसला आहे, आणि ते त्याला त्याच्या गावच्या चालीरीती विचारीत आहेत!

राष्ट्राध्यक्षपदावर असतानाच २३ एप्रिल १९६३ रोजी ते निवर्तले. आपल्या समाजाच्या विवाहांविषयीचा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत, हे क्नेसेटने जाहीर केले ते ऑगस्ट १९६४ मध्ये. झोपडी दाखविताना मुलांना या दोन्ही तारखा सांगाव्यात. वहीत लिहून घेतल्या तर अधिक उत्तम.