पदके नेमबाजांची, नेम पोलिसांचा

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 28 जुलै 2024 रोजी मनू भाकरने 10 मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगच्या साथीने मिश्र सांघिक प्रकारात दुसरे. त्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते. इतकी अचूकता साधणारी विद्या आणि ती शिकवणारे प्रशिक्षक देशात आहेत. ती कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्या पोलीस उपनिरीक्षकापर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न मात्र जल्लोषात फारसा विचारला गेला नाही.

खेळातील आणि कर्तव्यावरील नेमबाजी एक नव्हे, हे मान्य. पात्रता फेरीत खेळाडूला एका गोळीमागे सरासरी सव्वा मिनिट मिळते. पोलिसाला काही सेकंदही नाहीत. परंतु चुकीचे मूळ दोघांचे सारखेच. सेवेतील पिस्तुलाच्या पुढच्या व मागच्या साइटमधील अंतर साधारण 16 सेंटीमीटर धरले, तर त्यांच्या जुळणीत एका मिलिमीटरचा फरक पडताच 25 मीटरवर गोळी सुमारे 15 सेंटीमीटर भरकटते. हा फरक पुष्कळदा थरथरणाऱ्या हातामुळे पडत नाही. आवाजाच्या आणि धक्क्याच्या धास्तीने ट्रिगर हिसकला जातो, म्हणून पडतो. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या लक्ष्याच्या खाली डावीकडे जमू लागल्या, की अनुभवी प्रशिक्षकाचा पहिला संशय यावरच असतो.

उपाय खर्चिक नाही. दोनदा तपासून रिकामे केलेले शस्त्र सुरक्षित दिशेला धरायचे, दृष्टी पुढच्या साइटवर ठेवायची आणि ती न हलवता ट्रिगर दाबायचा. रोज दहा मिनिटे. मैदानावर खऱ्या काडतुसांत एखादे नकली मिसळले, की धास्ती लपत नाही.

आपल्याकडे वार्षिक गोळीबार सराव होतो तो बहुधा नोंदवहीपुरता. ठरलेल्या गोळ्या झाडायच्या, गुण लिहायचे, सही करायची. काय चुकले, ते कोणी लिहीत नाही. कॅगच्या अहवालांनी अनेक राज्यांतील सराव, मैदाने आणि दारूगोळा यांच्या तुटवड्यावर बोट ठेवले आहे. पोलीस हा राज्यांचा विषय. आधुनिकीकरणासाठी केंद्राचा निधी येतो, पण नवी वाहने आणि शस्त्रे समारंभात मिरवता येतात, सुधारलेला नेम मिरवता येत नाही.

लष्कराने हे वेगळ्या रीतीने हाताळले. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये 25 मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार महू येथील आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये घडले. राज्यांच्या पोलीस अकादम्यांनी निवृत्त नेमबाजांना प्रशिक्षक म्हणून नेमावे आणि दर तिमाहीला प्रत्येकाच्या गुणांऐवजी दोषाची नोंद ठेवावी.

अधिक सराव दिल्यास पोलीस अधिक गोळ्या झाडतील, ही भीती काही अधिकारी व्यक्त करतात. मला ती पटत नाही. ज्याला स्वतःच्या नेमाचा भरवसा असतो, तो बाजाराच्या गर्दीत आणखी दोन सेकंद थांबू शकतो. ज्याला नसतो, तो धास्तीने झाडतो, आणि ती गोळी भाजी घ्यायला आलेल्या कोणाला तरी लागते.