बौद्धांनो, उसनी नजर टाकून द्या!

गोंडपिपरी व आसपासच्या जंगलभागातील बौद्ध कुटुंबांपुढे आज एक प्रश्न मांडावयाचा आहे. पाणवठा, मंदिर, सवलती व नोकऱ्या या प्रश्नांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पुढेही लिहावे लागेल. आजचा प्रश्न आपल्या स्वतःच्या डोळ्यांचा आहे. परका मनुष्य समोर येऊन उभा राहिला म्हणजे आपणांस प्रथम काय दिसते? तो मनुष्य दिसतो की त्याची जात दिसते?

या प्रश्नाला दोन बाजूंनी दोन ठराविक उत्तरे मिळतात. गावातील वरिष्ठ जातीचा गृहस्थ म्हणतो, ‘आता जातपात कोठे उरली आहे? आम्ही मनात काही ठेवीत नाही.’ आपला बौद्ध बांधव म्हणतो, ‘आम्ही तर धम्म स्वीकारला, जातीचा व आमचा संबंधच संपला.’ पहिले उत्तर खोटे आहे, हे आपण अनुभवाने जाणतो व ते चारचौघांत सांगतोही. दुसरे उत्तर खरे आहे काय, याची तपासणी मात्र आपण करीत नाही. ती करण्याची वेळ आली आहे.

मनुष्याचे मन दुसऱ्याची पारख कशी करते, हे प्रथम पाहू. रोज भेटणाऱ्या शेकडो माणसांचा सखोल विचार करण्यास मनाला सवड नसते. म्हणून ते साचे तयार करते आणि समोरच्या मनुष्याला त्यांपैकी एका साच्यात बसवून मोकळे होते. हा मनाचा स्वभावच आहे. त्यात एकट्या वरिष्ठ जातीचा दोष नाही. दोष पुढे आहे. आपल्या देशात हा साचा मनुष्याला पाहण्यापूर्वीच तयार असतो. तो अनुभवातून घडलेला नसतो; आईबापांकडून, शेजाऱ्यांकडून, म्हणींतून व शिव्यांतून तो लहान मुलाच्या हाती आयता पडतो. मुलाने ज्याला कधी पाहिलेलेही नसते, तो कसा आहे हे त्याला आधीच ‘ठाऊक’ असते!

असा आयता साचा सत्याने मोडत नाही, कारण त्याच्याजवळ दोन तराजू असतात. आपला मुलगा परीक्षेत नापास झाला तर पेपर कठीण होता. त्यांचा मुलगा नापास झाला तर ‘त्या जातीत डोके कोठून येणार?’ आपला मुलगा पास झाला तर तो हुशार. त्यांचा पास झाला तर ‘सवलतीचा प्रताप!’ आपल्यातील एकाने चोरी केली तर तो एकटा चोर. त्यांच्यातील एकाने केली तर सारा समाज चोर. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ टॉमस पेटिग्र्यू यांनी 1979 साली या वृत्तीची शास्त्रीय मांडणी केली. परक्या समूहातील मनुष्याचे वाईट कृत्य त्याच्या रक्तावर लादावयाचे आणि त्याचे चांगले कृत्य नशिबावर, सवलतीवर किंवा अपवादावर ढकलावयाचे, अशी ही वृत्ती आहे. ज्या न्यायासनापुढे आरोपी निर्दोष ठरला तरी शिक्षा भोगतोच, त्या न्यायासनापुढे किती पुरावे मांडावेत?

कोणी म्हणेल, ‘मनात काहीही असो, त्याने कोणाचे काय बिघडते?’ पुष्कळ बिघडते. प्रा. सुखदेव थोरात व पॉल अटवेल यांनी केलेला एक अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले; फरक एवढाच, की काही अर्जांवर वरिष्ठ जातीची नावे होती आणि काहींवर दलितांची. दलित नावाच्या अर्जांना मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता कमी ठरली. शिक्षण तेच, पात्रता तीच. केवळ आडनावाने दार अर्धे मिटले.

यापेक्षा भयंकर गोष्ट दुसऱ्या एका प्रयोगात दिसून आली. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे या दोघी संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत वरिष्ठ जातीचे 321 व कनिष्ठ मानलेल्या जातींचे 321 विद्यार्थी घेऊन त्यांना कागदावरील भुलभुलैयाची कोडी सोडविण्यास दिली. कोणाची जात पुकारली नव्हती तोपर्यंत दोन्ही गटांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सर्वांदेखत नाव व जात पुकारली जाताच मात्र कनिष्ठ मानलेल्या मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. मुले तीच, बुद्धी तीच, कोडीही त्याच प्रकारची. त्या मुलांना कोणी मारले नाही, कोणी शिवी दिली नाही. इतरांची नजर आपल्यावर कशी पडते, एवढे त्यांच्या ध्यानात आणून दिले आणि तेवढ्याने त्यांचा हात अडखळला. अमेरिकेत केनेथ व मेमी क्लार्क या दांपत्याने 1940 च्या सुमारास निग्रो मुलांपुढे काळ्या व गोऱ्या बाहुल्या ठेवल्या, तेव्हा पुष्कळ मुलांनी गोरी बाहुलीच चांगली म्हणून निवडली. तुच्छतेने पाहणारी नजर अशी शेवटी पाहिल्या जाणाऱ्याच्याच डोळ्यांत येऊन बसते. परक्याने आपणांस हीन म्हणावे ही आपत्ती खरीच. परंतु आपण स्वतःस हीन मानू लागावे ही त्याहून मोठी आपत्ती होय.

येथवर बहुतेक वाचक समाधानाने मान डोलावतील, कारण येथवर दोष दुसऱ्याचा होता. आता आपल्या घरात शिरू.

परमपूज्य बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात जातीच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. वरच्या वर्गाने स्वतःची दारे बंद केली व खालच्यांनी त्याचे अनुकरण केले. जात अशी अनुकरणाने पसरली, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. पुढे 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात जात ही मनाची अवस्था आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. ते भाषण मंडळाने होऊ दिले नाही, हे सर्वश्रुतच आहे. या दोन विचारांची सांगड घातली म्हणजे एक कटू निष्कर्ष निघतो. जात जर मनाची अवस्था असेल आणि ती अनुकरणाने पसरत असेल, तर ज्याचा जातीने छळ झाला त्याच्याही मनात ती शिरू शकते. मार खाणारा मारणाऱ्याची नजर उसनी घेऊ शकतो.

आपण ती उसनी घेतली आहे काय? प्रत्येक बौद्ध कुटुंबाने पुढील प्रश्नांची उत्तरे आपल्या मनाशी द्यावीत. गोंड किंवा माडिया मनुष्य दारात आला असता ‘जंगली’, ‘यांना काय कळते’ असे शब्द आपल्या घरात उच्चारले जातात काय? गोंड मनुष्य दारू पिऊन पडला तर ‘त्यांची जातच तशी’ आणि आपला पुतण्या पिऊन पडला तर ‘बिचारा संगतीने बिघडला’, असे दोन तराजू आपल्याजवळही आहेत काय? मातंगाच्या घरी जेवावयास आपण निःसंकोच बसतो काय? आणि सर्वांत लाजिरवाणा प्रश्न हा, की सोयरीक जुळविताना पाहुण्याला बाजूस घेऊन ‘तुम्ही लाडवण की बावणे की कोसरे?’ असे हळूच विचारणारे आपल्यात अजून आहेत की नाहीत? ज्या पोटजाती धम्मदीक्षेबरोबर मागे टाकावयाच्या होत्या, त्या लग्नाच्या मांडवात कोणत्या दाराने परत येतात?

ज्यांना ‘जंगली’ म्हणावयाचे, ते कोण आहेत? चंद्रपूरचा परकोट गोंड राजांनी बांधला. या मुलुखावर त्यांचे राज्य शतकानुशतके चालले. 1858 साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलल्याबद्दल 21 ऑक्टोबर रोजी चांद्यास फाशी गेलेले बाबूराव शेडमाके गोंडच होते. आपला इतिहास इतरांनी दडपला म्हणून आपण योग्यच संताप करतो. शेजाऱ्याचा इतिहास मात्र आपण दडपावा, हा कोठला न्याय?

यावर एक आक्षेप येईल : ‘तेही आमच्याकडे तुच्छतेनेच पाहतात. मग आम्हीच का वाकावे?’ आक्षेपातील वस्तुस्थिती पुष्कळ ठिकाणी खरी आहे. परंतु जातिव्यवस्थेची करामत तीच आहे! येथे प्रत्येकाला तुच्छ लेखावयास कोणी ना कोणी खाली दिलेला आहे आणि तेवढ्या क्षुद्र समाधानावर प्रत्येकाने वरच्याची लाथ सोसावयाची आहे. तुच्छतेची परतफेड तुच्छतेने करणारा व्यवस्थेविरुद्ध बंड करीत नाही. तो तिची चाकरी करतो. शिवाय या वागण्याचा व्यवहारी परिणामही पाहावा. गावात आपल्या वस्तीवर संकट आले तर साक्षीला कोण उभे राहणार? संविधानाच्या अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. 1955 चा व 1989 चा कायदा आला. पण न्यायालयात साक्षीदार लागतो आणि साक्षीदार शेजारच्या मोहल्ल्यातून येतो. ज्याला आपण वर्षभर हिणवले, तो त्या दिवशी आपल्यासाठी जीव धोक्यात का घालील?

नजरेचा साचा किती क्रूर होऊ शकतो, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द या गावी जादूटोण्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतील माणसांना, त्यात वृद्धांनाही, भर चौकात बांधून गावकऱ्यांनी मारले. जादूटोणाविरोधी कायदा 2013 सालीच झाला होता. तो या दोऱ्या थोपवू शकला नाही. काल ज्या म्हातारीला आजी म्हणून हाक मारावयाची, तीच आज संशय शिरताच करणी करणारी दिसू लागते. मग गावातील प्रत्येक ताप, प्रत्येक मेलेले वासरू हा तिच्याविरुद्ध पुरावा ठरतो. जेथे मनुष्य दिसेनासा होतो व केवळ साचा दिसतो, तेथे दोरी बाहेर निघण्यास वेळ लागत नाही.

भगवान बुद्धांनी या रोगाचे निदान फार पूर्वी केले. श्रावस्तीत भिक्षेसाठी येणाऱ्या तथागतांना अग्गिक भारद्वाज ब्राह्मणाने दुरूनच पाहिले आणि मुंडका, वृषल, तेथेच थांब म्हणून दटावले. त्याने मनुष्य पाहिला नाही, मुंडन पाहिले. भगवंत रागावले नाहीत. वृषल कशाने होतो हे तुला ठाऊक आहे काय, असे त्यांनी विचारले आणि कोणी जन्माने नव्हे तर कर्माने वृषल ठरतो, हे त्याला समजावून दिले. शाक्य कुमार प्रव्रज्या घेण्यास आले तेव्हा त्यांनीच विनंती केली, की आमचा सेवक उपाली न्हावी याला आधी दीक्षा द्यावी. म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल व आमचा अभिमान गळून पडेल. अभिमान उपदेशाने जात नाही, वागण्याची रीत बदलावी लागते, हे त्या कुमारांनी ओळखले होते. आणि ‘मी श्रेष्ठ’ हा जसा मान होय, तसा ‘मी हीन’ हाही मानच होय, असे धम्म सांगतो. दुसऱ्याला खाली पाहणे व स्वतःला खाली पाहणे हे एकाच रोगाचे दोन विकार आहेत. एक ठेवून दुसरा बरा होत नाही.

मग उपाय कोणता? नुसत्या सहवासाने नजर बदलत नाही. रोवणीच्या बांधीत व तेंदूपानांच्या हंगामात सर्व जातींची माणसे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी राबली, तरी जात गेली नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली आपल्या ग्रंथात सहवास फलदायी होण्याच्या अटी सांगितल्या आहेत : दोघांचा दर्जा समान असावा, ध्येय एक असावे, ते गाठण्यास परस्परांच्या सहकार्याची गरज पडावी आणि अधिकारी संस्थांचे त्यास पाठबळ असावे. या अटी आपल्या गावात पुऱ्या करणे आपल्या हाती आहे. विहारातील अभ्यासिका गोंड व मातंग मुलांना खुली करा. त्यांना उपकार म्हणून बोलावू नका, बरोबरीने बसवा आणि तिचा कारभार चालविण्यातही त्यांची माणसे घ्या. वनहक्काचा दावा असो वा मजुरीचा हिशोब, ग्रामसभेत एकत्र अर्ज करा. त्यांच्या घरी जेवा, त्यांना जेवावयास बोलवा. सोयरिकीत पोटजात विचारणाऱ्याला तेथल्या तेथे थांबवा. आणि मुलांदेखत कोणत्याही समाजाला उद्देशून तुच्छतेचा शब्द उच्चारू नका. जन्माच्या मापाने दुसऱ्याला मोजावयास शिकलेले मूल उद्या त्याच मापाने स्वतःला मोजणार आहे, आणि ते माप वरच्यांनी बनविले असल्यामुळे त्यात ते उणेच भरणार आहे.

16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चांद्यास येऊन या भागातील जनतेला धम्मदीक्षा दिली. सर्व मनुष्यमात्रास समान मानण्याची प्रतिज्ञा बावीस प्रतिज्ञांत आहे. ती उच्चारणे सोपे आहे. ती दारात उभ्या असलेल्या गोंड बाईकडे पाहताना, मातंगाच्या ताटावर बसताना व मुलीचे लग्न ठरविताना पाळावयाची आहे. येत्या पौर्णिमेस विहारात जमाल तेव्हा आपापल्या गावापुरता हा विषय घ्या आणि वरीलपैकी कोणते काम प्रथम हाती घेणार, ते ठरवूनच घरी जा.

जयभीम!